वॉटफर्ड ते लीड्स, हीटर लावून

इंग्लंडहून परत आल्यावर सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, थंडी फार होती का? मी नाही म्हटलं की मी काहीतरी लपवतेय असं लोकांना वाटतं. त्यांचा दोष नाही. इंग्लंडचं हवामान सागरी आणि समशीतोष्ण असतं, तिथले उन्हाळे सौम्य असतात, हे मीच अख्खी नोकरी शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. आता त्या मुलांपैकी कोणी रस्त्यात भेटलं तर काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

आम्ही गेलो होतो मुलाच्या लग्नाला. निखिल लंडनच्या उत्तरेला वॉटफर्डमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी करतो. काय ते त्यानं बरेचदा समजावलं आहे. मुलगी ईशा लीड्सची, जन्म तिथलाच. तिचे आईवडील मूळचे पुण्याचे, वडील तिथं हॉस्पिटलात डॉक्टर. ते आपल्यातले नाहीत. पहिल्याच फोनवर डॉक्टर म्हणाले होते, "आम्ही असलं काही मानत नाही." असलं म्हणजे कसलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यानंतर दोन्हीकडून फार गोड बोलणं झालं.

शनिवारी सकाळी लीड्सच्या कौन्सिलच्या इमारतीत लग्न रजिस्टर व्हायचं होतं आणि संध्याकाळी एका हॉलमध्ये आमच्या पद्धतीनं, त्रिशरण-पंचशील म्हणून. कौन्सिलचं काम तिकडे कडक असतं. आपली वेळ चुकली की पुढचं जोडपं आत जातं. त्यानंतरचा मोकळा शनिवार थेट दिवाळीच्या सुमारास होता आणि आमचं परतीचं विमान सोमवारी होतं. म्हणजे हा शनिवार चुकला की एकुलत्या एका मुलाचं लग्न आम्हाला नागपुरात बसून मोबाइलवर बघावं लागणार होतं. मोबाइलवरच बघायचं होतं तर व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे कशाला दिले, असं ह्यांचं म्हणणं पडलं.

हे म्हणजे माझे यजमान. वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत, पण विजेची आणि हवेची जबाबदारी अजून त्यांच्याकडेच आहे. आमच्या घरचा कूलर दरवर्षी तेच बसवतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

शुक्रवार सकाळ, वॉटफर्ड

लीड्सला निघायच्या आदल्या आठवड्यापासून तिकडे उन्हाळा लागला होता. रेडिओवर सारखं सांगत होते की गरज नसेल तर प्रवास करू नका, पाणी प्या, म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवा. निखिलच्या शेजारच्या बाईंनी त्याप्रमाणे आमच्याकडे लक्ष ठेवलं. तुम्हाला काय उन्हाची सवयच असेल, असं त्या रोज कुंपणापलीकडून म्हणत. नागपूरचा माणूस उन्हात राहत नाही, तो उन्हापासून लपून राहतो, हे त्यांना कसं सांगावं ते मला इंग्रजीत जमलं नाही. लपायला लागणारं काहीच त्या देशात नाही. पंखे नाहीत, कूलर नाहीत, पडदे पातळ आणि घरं अशी बांधलेली की आत शिरलेली ऊब बाहेर जाऊ नये.

रेल्वेनं जायचं आधी ठरलं होतं. पण उन्हानं रूळ तापतात म्हणून तिकडच्या गाड्या एकेक करून रद्द होऊ लागल्या. शेवटी निखिलच्या मोटारीनं जायचं ठरलं. मोटार जुनी, पण तपासणी नुकतीच झालेली. चालवणार नवरदेव स्वतः. त्याचा सूट मागच्या खिडकीशी हँगरला लटकवला, माझ्या मांडीवर डबे आले आणि ह्यांनी बॅगेतून फ्लेक्स काढला.

या फ्लेक्सबद्दल सांगायला हवं. तो नागपुरात छापून घेतला होता, आणि आमच्या सामानात लोणच्यापेक्षा त्याचंच वजन जास्त भरलं होतं. वर निळ्या ठसठशीत अक्षरांत "जय भीम", त्याखाली "चि. निखिल रामटेके व चि. सौ. कां. ईशा यांच्या मंगल परिणयानिमित्त हार्दिक शुभेच्छा", आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, रांगेनं. त्यात ह्यांचे ऑफिसमधले सोबती होते, माझ्या भिशीतल्या बायका होत्या, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला होता. काळा चष्मा लावलेला एक माणूस आम्हा दोघांच्याही ओळखीचा नव्हता. जागा उरली म्हणून छापणाऱ्यानं घातला असावा. पूज्य तसबिरी त्यावर घ्यायच्या नाहीत असं ह्यांनीच सांगितलं होतं, कारण फ्लेक्स मोटारीच्या तोंडावर लागणार आणि तोंडावर किडे बसतात. शुभेच्छुकांवर बसले तर चालणार होते.

आपल्याकडे लग्नाची गाडी पुढून ओळखू यावी लागते. हे खाली बसून नायलॉनच्या दोरीनं फ्लेक्स बांधू लागले, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, बॉनेटच्या कडेपासून थेट खाली. निखिल बाहेर आला आणि बघत उभा राहिला.

"बाबा, हे लीड्सला पोचल्यावर लावू ना," तो म्हणाला.

"काऊन? रस्त्यात काय होते?"

"काही नाही. इथे असं कोणी लावत नाही."

ह्यांनी गाठ मारता मारता विचारलं, "लावत नाही, का दिसू द्यायचं नाही?"

निखिल काही बोलला नाही. मीही डब्यांची झाकणं उगाच घट्ट केली. मग त्यानं एवढंच सांगितलं की नंबरप्लेट झाकणं इथं गुन्हा आहे. ह्यांना कायदा मान्य होता. त्यांनी कात्रीनं बरोबर नंबरप्लेटीच्या मापाची चौकोनी खिडकी कापली, कडा मुडपल्या, आणि दोन पावलं मागे येऊन काम बघितलं. काम खरोखर सुबक झालं होतं.

आता निखिल का गप्प बसला ते मला कळलं होतं. तो तिकडच्या मराठी लोकांच्या एका ग्रुपमध्ये आहे, गणपतीला वर्गणी देतो, दिवाळीला फराळाला जातो. नवीन माणूस भेटला की तिथे विचारतात, कुठले? नागपूर. मग पुढचा प्रश्न येतो, नागपुरात कुठे? हा प्रश्न पत्त्यासाठी नसतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. निखिल सांगतो, सिव्हिल लाइन्सच्या जवळ. आमचं घर उत्तर नागपुरात, आपल्याच लोकांच्या वस्तीत आहे. आमचा मुलगा "जवळ" हा शब्द फार लांबवर ताणतो, हे मला त्याच्या सहा महिने आधी एका व्हिडिओ कॉलवर मागून ऐकताना कळलं होतं. ह्यांना मी सांगितलं नव्हतं. पण सांगायची गरज होती असं दिसलं नाही.

शुक्रवार दुपार, मोटरवेच्या कडेला

तिकडचे महामार्ग फार शिस्तीचे. कोणी हॉर्न वाजवत नाही, कोणी मध्येच थांबून भुट्टे घेत नाही. दोन्ही बाजूंची हिरवळ त्या आठवड्यात पार वाळून बिस्किटाच्या रंगाची झाली होती, त्यामुळे मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. पुढून येणाऱ्या गाड्यांतले लोक आमच्याकडे बघत नव्हते, कारण तिकडे बघणं वाईट समजतात. ह्यांना याची थोडी खंत वाटली असावी.

तासाभरात निखिल म्हणाला की टेम्परेचरची नीडल वर जातेय. ह्यांनी पुढे वाकून बघितलं आणि सांगितलं, वर तर जाईलच, बाहेर ऊन काय कमी आहे. थोड्या वेळानं ती लाल भागात गेली आणि मोटारीनं टिणटिण सुरू केली. निखिलनं आधी एसी बंद केला. मग त्याला कुठंतरी पाहिलेला एक व्हिडिओ आठवला आणि त्यानं हीटर पूर्ण लावला.

वाचकांनी न घाबरता ऐकावं. मोटारीचा हीटर इंजिनाचीच उष्णता घेऊन आत सोडतो. इंजिन तापलं की हीटर लावायचा, म्हणजे तेवढा ताप इंजिनाचा कमी होतो. तो ताप जातो कुठं, तर माणसांवर. बाहेर इंग्लंडला न झेपणारं ऊन, आणि आत आम्ही तिघे खिडक्या उघड्या टाकून पायांवर गरम वारा घेत चाललेलो. शेजारच्या गाडीतल्या एका मुलीनं आता मात्र आमच्याकडे बघितलं. नीडल खाली आली. बाकी सगळं वर गेलं. माझ्या मांडीवरच्या डब्यातल्या सांबारवड्या पुन्हा ताज्या झाल्या.

पण हे फार वेळ टिकलं नाही. नीडल परत चढली आणि पुढून वाफेचा वास यायला लागला, तेव्हा निखिलनं मोटार कडेला घेतली. तिकडचा नियम असा की गाडी बंद पडली तर त्यात बसून राहायचं नाही. डावीकडच्या दारानं उतरून कठड्यापलीकडे गवतात उभं राहायचं. बॉनेट उघडायच्या आधी ह्यांनी फ्लेक्स सोडला. वाफेनं रंग फुटतो, आणि ऑइलचा डाग पडला तर निघत नाही. त्यांनी तो नीट घडी करून काखेत घेतला आणि आम्ही तिघे कठड्यापलीकडे ओळीनं उभे राहिलो.

निखिलनं ब्रेकडाउनवाल्या कंपनीला फोन केला. एक पिवळी व्हॅन आली, त्यातून डॅरेन नावाचा लालबुंद झालेला माणूस उतरला. तो मला "मी डक" म्हणाला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तो ह्यांनाही तेच म्हणाला. डक म्हणजे बदक, एवढं इंग्रजी ह्यांना येतं. निखिलनं हळूच सांगितलं की इंग्लंडच्या या मधल्या भागात माणसाला प्रेमानं बदक म्हणतात. ह्यांनी ते प्रेम म्हणून स्वीकारलं, पण चेहरा तसाच ठेवला.

डॅरेन चांगला कामाचा होता. इंजिन निवेपर्यंत त्यानं टोपण उघडू दिलं नाही. मग पाणी बघितलं, नळ्या दाबून बघितल्या, पंखा चालू होतो का ते बघितलं, कुठं गळतं का ते खाली झोपून बघितलं. काही सापडलं नाही. त्यानं निखिलला विचारलं, गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते का वेगात असताना? वेगात, निखिल म्हणाला. डॅरेननं डोकं खाजवलं. हे उलटं आहे, तो म्हणाला. वेगात गेलं की समोरून वारा लागतो, त्यानंच रेडिएटर गार होतो. उभी असताना तापली असती तर मी पंखा बदलला असता. शेवटी त्यानं निदान केलं की ऊन फार आहे. हळू जा, हीटर लावा, संध्याकाळी निघा.

पेशंट डॉक्टरांपुढे गेला की बरा होतो, तशी मोटार त्याच्यासमोर शांतपणे घरघरत होती. मी त्याला सांबारवडी दिली. त्यानं आत काय आहे विचारलं. मी कोथिंबीर म्हटलं, त्यानं खाल्ली आणि बदकाचे आभार मानले. तो गेल्यावर ह्यांनी गवतात बसून फ्लेक्स पुन्हा उलगडला, शुभेच्छुकांवरचे किडे रुमालानं पुसले आणि दोरीच्या गाठी पूर्वीपेक्षा घट्ट मारल्या.

निखिल चाकामागे बसून समोर बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याला काही सुचत होतं का नाही, मला माहीत नाही. पण सुचलं असतं तरी तो बोलला नसता. सकाळी एकदा त्यानं तो फ्लेक्स नंतर लावू म्हटलं होतं आणि त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. दुसऱ्यांदा म्हणायची सोय राहिली नव्हती.

थोड्याच वेळात मोटार पुन्हा टिणटिण करू लागली.

शुक्रवार संध्याकाळ, रस्त्याकडेचं हॉटेल

पुढच्या फाट्याला उतरून एक हॉटेल मिळालं. आत काउंटरवर एक मुलगी पुठ्ठ्यानं वारा घेत होती. खोली छान होती, पण खिडकी चार बोटांच्यावर उघडत नव्हती. कोणी खाली पडू नये म्हणून अशी ठेवतात म्हणे. खोली तळमजल्यावर होती.

निखिलनं बऱ्याच गॅरेजांना फोन लावले. शुक्रवारची संध्याकाळ, वर हे ऊन, सगळे सोमवारी या म्हणाले. टॅक्सीवाले एवढ्या लांब यायला तयार नव्हते, कारण त्यांच्याही गाड्या तापत होत्या. मग ईशाचा फोन आला. तिचं मराठी गोड आहे, फक्त कोण बाई आणि कोण पुरुष याबद्दल त्यात एकमत नसतं.

"आई, तुमचा गाडी परत गरम झाला का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "रजिस्ट्रार थांबणार नाही हं. आमच्या नंतर लगेच दुसरी लग्न आहे. मी तिला रिक्वेस्ट केली, ती म्हणाली सॉरी."

ती रडत नव्हती, पण फोन निखिलला दे म्हणाली. तो बाहेर पार्किंगमध्ये जाऊन बोलत राहिला. ह्यांनी काउंटरवरच्या मुलीकडून एक टेबलफॅन मिळवला होता. तो त्यांनी खिडकीच्या फटीपाशी लावला, आणि मी धुतलेला टॉवेल वाळत घालायला जागा नाही म्हणून त्याच्या मागच्या जाळीवर टाकला, तर माझ्यावर खेकसले. मागून हवा घेतल्याशिवाय पुढून देणार कुठून, एवढी वर्षं कूलरच्या घरात राहून कळत नाही का, वगैरे. मी टॉवेल काढला. पंखा खरंच बरा वाहू लागला. एवढा शहाणा माणूस, आणि त्यांनी बाहेर जाऊन संध्याकाळच्या उन्हात पुन्हा एकदा फ्लेक्सच्या गाठी तपासल्या.

जेवायला मी आणलेलं पिठलं आणि पोळ्या काढल्या. निखिल दोन घास खाऊन उठला. "आई, झालंच नाही तर?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, होईल. मला खरं तर अजिबात तसं वाटत नव्हतं. माझा मुलगा परक्या मुलखात एकट्यानं उभा राहून लग्न लावतोय आणि आम्ही विमानात बसलोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मला फार भीती वाटत होती.

शनिवार सकाळ

उन्हाच्या आधी निघायचं ठरलं. ह्यांची थिअरी अशी की ऊन नाही तर ताप नाही. सकाळ खरोखर गार होती, गवतावर दव होतं, ससे होते. मोटार रात्रभर निवली होती. मोटरवेवर गाड्या नव्हत्या, म्हणून निखिलनं वेग घेतला.

थोड्याच वेळात नीडल चढायला लागली.

 निखिलनं हीटर लावला. मग पुढे रस्त्याचं काम लागलं, तिथं सगळं रांगत चाललं होतं, तर नीडल हळूहळू खाली आली. काम संपलं, मोटार पळू लागली, नीडल परत वर. टिणटिण सुरू झाली तेव्हा नशिबानं पुढे थांबायची जागा होती. निखिल उतरला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. मी उतरून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, ठीक आहे आई. त्याच्या आवाजात ठीक काही नव्हतं.

हे नेहमीप्रमाणे फ्लेक्स सोडायला खाली बसले. इंजिन अजून बंद केलं नव्हतं, आतला पंखा जोरानं घोंघावत होता. ह्यांनी एका बाजूची गाठ सोडली आणि फ्लेक्सच्या मागे हात घातला, आणि तो हात तिथेच ठेवून बसून राहिले. मग त्यांनी ते टोक वर उचललं. पंख्याचा आवाज बदलला. टोक खाली सोडलं, आवाज पुन्हा घोंघावता. असं त्यांनी दोनदा केलं. तो आवाज मीही ओळखला. आमच्या कूलरच्या मागची खिडकी कोणी चुकून लावली की तो असाच ओरडतो, आणि मग हे घरभर विचारत हिंडतात की कोणत्या शहाण्यानं लावली.

कोणत्या शहाण्यानं, ते आता सगळ्यांसमोर होतं. मोटारीला जिथून श्वास घ्यायचा, तिथं आमचे सगळे शुभेच्छुक खांद्याला खांदा लावून उभे होते. उघडी सोडली होती ती फक्त नंबरप्लेटची जागा. डॅरेनला काही सापडलं नाही यात नवल नव्हतं. त्याच्यासमोर दुखणं घडी करून ह्यांच्या काखेत होतं.

 ह्यांनी दुसरी गाठ सोडली, फ्लेक्सची घडी केली, मागे जाऊन डिकी उघडली आणि माझ्या पिशव्यांखाली तो ठेवून दिला. मग येऊन मागच्या सीटवर बसले. नेहमी ते पुढे बसत.

इंजिन निवलं, पाणी घातलं. निखिल चाकावर बसला, पण गाडी सुरू करेना.

"बाबा, फ्लेक्स बांधायचा राहिला," तो म्हणाला.

"राहू दे. हवा अडवून राहिला तो."

निखिल आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला. त्या वाक्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला, पण पोचला. मग तो म्हणाला, "काल सकाळी मी नंतर लावू म्हटलं, ते हवेसाठी नव्हतं."

"मले माहीत आहे."

"मला लाज वाटली, बाबा. तुमची नाही. कोणीतरी ते वाचेल, मग विचारेल नागपुरात कुठे, त्याची."

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं.  हे रागावले तर ऐकून घेता येतं, गप्प बसले तर आठवडाभर घर गप्प बसतं.

"विचारलं तर सांगायचं कुठे ते," हे म्हणाले. "पत्ता काही वाईट नाही आपला. टपाल येते तिथं."

निखिल हसला का त्याला हुंदका आला, ते मला मागून दिसत नव्हतं. त्यानं गाडी सुरू केली.

त्यानंतर मोटार अशी धावली की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. ऊन चढलं तरी नीडल मध्यावर स्थिर. निखिलनं एसीसुद्धा लावला. समोरच्या काचेवर किडे आपटत होते, त्यांना आता अडवायला कोणी नव्हतं. टेकड्या दिसायला लागल्या, पिवळ्या पडलेल्या कुरणांत दगडी भिंती, भिंतीच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेल्या मेंढ्या. सावलीत बसायची अक्कल असलेला त्या देशातला पहिला प्राणी मला तिथं दिसला. हे मात्र काहीच बघत नव्हते. मी त्यांना पन्हं दिलं. त्यांनी घेतलं आणि बाटली तशीच हातात धरून ठेवली. एवढा हौसेनं आणलेला फ्लेक्स पिशव्यांखाली दाबून ठेवून मुलाच्या लग्नाला चाललो, आणि तेही आपल्याच हातानं, हे त्यांना लागलं होतं. मला त्यांची कीव नाही आली. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. तसं म्हणायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं.

लीड्स

आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आधीच्या लग्नाची मंडळी पायऱ्यांवर फोटो काढत होती. म्हणजे आमची पाळी अजून जायची होती. पायऱ्यांच्या कडेला डॉक्टर आणि त्यांचे नातेवाईक कोटांमध्ये घामाघूम होऊन उभे होते. ईशा पांढऱ्या साडीत, हातात पादत्राणं घेऊन अनवाणी पुढे धावत आली. मला मिठी मारून म्हणाली, "आला गाडी!" मी हो म्हटलं. त्या घडीला मला त्यात काही चूक वाटली नाही.

दारात एक बाई येऊन नम्रपणे म्हणाल्या की रजिस्ट्रार आत वाट बघताहेत, पाच मिनिटांत या. निखिलनं रस्त्यातच एका पेट्रोलपंपावर सूट चढवला होता. मी म्हटलं, चला. डॉक्टर म्हणाले, चला, चला. हे एका बाजूला उभे राहून शर्टाची कॉलर नीट करत होते.

निखिल मागे वळला आणि मोटारीकडे गेला. त्यानं डिकी उघडली, माझ्या पिशव्या बाजूला केल्या आणि फ्लेक्स बाहेर काढला. सगळ्यांच्या देखत तो नव्या सुटात मोटारीपुढे गुडघ्यांवर बसला आणि निळी अक्षरं बॉनेटच्या कडेशी लावून दोरी ओवू लागला. डॉक्टर, त्यांचे भाऊ, पुण्याहून आलेल्या मावश्या, सगळे बघत होते. पुण्याचे लोक बघतात.

हे पटकन पुढे गेले. "अरे, काय करतोस? वेळ नाही. आणि ती हवा..."

"गाडी बंद आहे, बाबा," निखिल म्हणाला. "आता हवा लागत नाही. तुम्ही ते टोक धरा."

ह्यांनी ते टोक धरलं.